नऊ बशा आणि दोन ओंजळी मीठ

ती भाजी मी खारट केली होती. एवढं एक वाक्य तोंडातून काढायला मला बारा वर्षं लागली, आणि कागदावर उतरवायला त्याहून जास्त.

माझ्या मोठ्या भावाची बायको, माझी वहिनी, अकोल्यात एका पंगतीचा स्वयंपाक करत होती. तिच्या गंजात, म्हणजे भाजीच्या मोठ्या पातेल्यात, मी तिला न विचारता मीठ टाकलं. भाजी खारट झाली, दोष तिच्यावर गेला आणि मी गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. दुसऱ्या दिवशी मी तिची समजूत काढली. माझ्याच चुकीबद्दल मी तिला धीर दिला, आणि तिनं तो घेतला.

हे ओझं उतरवायला मला ज्या जागेनं भाग पाडलं, ती जागा अकोल्यात नव्हती आणि अमरावतीतही नव्हती. पुण्यातल्या एका हॉटेलात, एका रविवारी दुपारी, चिमुकल्या बशांतून वाढलेलं एक जेवण आम्ही जेवलो. त्या जेवणाचे माझ्यावर उपकार आहेत. पण आधी मिठाचं सांगायला हवं, आणि त्याच्याही आधी वहिनीचं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी बारावीत होतो. पुढं मी शिकायला अमरावतीला गेलो. दर शनिवारी सकाळी अकोल्याहून निघणाऱ्या एस.टी.त ती कंडक्टरजवळ चार पुडांचा डबा द्यायची, आणि मी अमरावतीच्या स्टँडवर उभा राहून तो उतरवून घ्यायचो. खालच्या दोन पुडांत भाकरी, तिसऱ्यात भाजी, वरच्यात ठेचा. ठेच्याच्या बाजूला कागदात गुंडाळलेलं काहीतरी न मागितलेलं असायचं, कधी गुळपापडी, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी नुसत्या चार बोरकुटाच्या वड्या. तीन वर्षं हा डबा आला. तीन वर्षांत एकदाही तिच्या भाजीत मीठ कमी निघालं नाही की जास्त. मी कधी तिला तसं सांगितलं नाही. बरोबर असलेल्या मिठाबद्दल कोण काय सांगतो?

दादा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाची वर्षं बिघडत गेली तसं जिनिंग आधी एका पाळीवर आलं, मग सहा महिने चालू-बंद करत एक दिवस बंदच पडलं. त्या काळात आमच्याकडे लग्नाच्या पत्रिका कमी येऊ लागल्या होत्या, आणि आल्या तरी एकाच पत्रिकेत दोन बहिणींची लग्नं असायची. मांडव एक, पंगत एक. दादा मिळेल तिथं पंप दुरुस्त करायला जायचा. वहिनीनं गल्लीतल्या पूजांचा स्वयंपाक घ्यायला सुरुवात केली. मग बारशी, मग तेरव्या. तिचा हात लोकांना आवडला. घर त्या हातावर चालू लागलं.

मी तोवर अमरावतीला विद्यापीठात कारकून झालो होतो. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकाचं एक काम माझ्या टेबलावरून गेलं होतं, त्यातून ओळख झालेली. मी त्याला म्हटलं, आमच्या वहिनीला लग्नाच्या सीझनचं काम द्या. तो म्हणाला, आधी हाताची चव तरी पाहू द्या. मी म्हटलं, आमच्या मोहल्ल्यात मारोतीचे रोडगे आहेत, भाजी वहिनीकडेच आहे, तुम्ही जेवायलाच या.

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तुपात चुरायचे आणि वांग्याच्या रस्साभाजीसोबत खायचे. पंगत तीनशे माणसांची. या स्वयंपाकाचा एक नियम आहे: देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जिभेला काही लावायचं नाही. करणारीनंही नाही. वासावर आणि हातावर भरोसा ठेवून मीठ-तिखट टाकायचं. म्हणून अशा पंगतीची भाजी ज्याच्या त्याच्या हाती देत नाहीत.

मी सकाळपासून वहिनीच्या हाताखाली होतो. माझ्या आईची पद्धत अशी की रस्स्याला उकळी आली की मग मीठ. मी तेवढंच पाहिलेलं. वहिनी मीठ वाटणातच घालायची, तेलात मसाला परतताना, वांगी पडायच्या आधी. ती म्हणायची की वांग्याला मीठ आतून लागलं पाहिजे. पण हे ती म्हणायची, आणि मी ऐकायचो नाही. त्या दिवशी उकळी आली तेव्हा आर विझतोय म्हणून तिला रोडग्यांकडे बोलावून नेलं होतं. गंजाजवळ मिठाची थैली होती, शिवण न उसवलेली. ती वरणासाठी आणलेली होती हे मला नंतर कळलं. मला वाटलं, घाईत वहिनी विसरली. मालक तर फाटकातून आत येताना दिसत होता. मी थैली फोडली आणि दोन ओंजळी मीठ गंजात टाकलं, वरून थोडं अजून. डावानं हलवलं. मनातून खूश होतो की आज मी वहिनीची अब्रू वाचवली.

नैवेद्य झाला, पंगत बसली. भाजीची बादली माझ्याच हातात होती. मी तिसऱ्या ओळीत असताना पहिल्या ओळीतलं बोलणं बंद झालं. मग मोहल्ल्यातला एक म्हातारा, तोंडाचा फटकळ, मोठ्यानं म्हणाला, "काय वं बाई, मीठ काय फुकट भेटलं का?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पंगतीत हसतात तसे हसले. मंगल कार्यालयाचा मालक सभ्य माणूस होता. त्यानं गूळ आणि रोडगा खाल्ला, दोन गिलास पाणी प्यायलं आणि मला खांद्यावर थोपटून निघून गेला. वहिनीनं गंजात बोट बुडवून चाटलं. मग पदर खोचला, पुढं आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चुकलं माह्यं."

मी बादली घेऊन दहा हातांवर उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्याच शब्दावर आलेला माणूस नुकताच उठून गेला होता आणि माझी मान आधीच खाली होती. ती अजून खाली घालायची माझी हिंमत झाली नाही. दादानं मात्र ती भाजी दोनदा मागून घेतली. पत्रावळ पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला निघालो तेव्हा वहिनी ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "भाऊजी, मले वाटते मी मसाल्यात बी टाकलं आन् मंग अजून टाकलं. मले आठवतच नाई. ह्याइचं काम गेल्यापासून डोकं ठिकानावर राह्यत नाई माह्यं."

आणि मी म्हणालो, "होते वहिनी. मानूसच हाय."

त्यानंतर तिनं पंगतीचा स्वयंपाक घेतला नाही. एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला जाऊ लागली. आमच्याकडे पोळीत मीठ घालत नाहीत. घरी तिची भाजी अळणी होऊ लागली, आणि ताटात लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ. पाहुण्यांना वाटायचं, घरात कोणाला तरी बीपी आहे. वाढल्यावर ती उभी राहून विचारायची, "मीठ लागते का?" मी जेवायला बसलो की मलाही विचारायची. बारा वर्षं मी त्या ताटातलं मीठ चिमटीनं घेतलं आणि भाजीत कालवलं.

दादा गेला. माझी मुलगी मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली, तिचं लग्न ठरलं. तिनं एकच हट्ट धरला. मांडवाच्या दिवशी वांग्याची भाजी मोठ्या आईच्या हातची पाहिजे. आमच्याकडे मोठ्या काकूला मोठी आई म्हणतात. मुलगी लहान असताना सुटीत अकोल्याला जायची तेव्हा खाल्लेली ती भाजी तिच्या लक्षात होती. वहिनी हसून नाही म्हणाली. मुलीनं पुन्हा विचारलं. वहिनी न हसता नाही म्हणाली. का, ते मला ठाऊक होतं.

मग मुलगी म्हणाली, बरं, निदान साडी घ्यायला तरी तू चल. असे आम्ही दोघं शनिवार-रविवार पुण्याला गेलो. माझ्या बायकोची शाळेत परीक्षेची ड्युटी होती, ती आली नाही. शनिवारी साड्या झाल्या. रविवारी दुपारी मुलीनं आम्हाला त्या हॉटेलात नेलं.

टेबल नव्हतंच. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर लांब फळी होती आणि उंच स्टुलं. वहिनी हात धरून वर चढली. "झाडावर चढवलं वं बाई," ती म्हणाली. समोर शेगड्या दिसत होत्या, पातेली, चार-पाच माणसं. "इथं तं सैपाकघरातच बसवलं आपल्याले."

मुलीनं समजावलं की नऊ बशा येतील, एकामागून एक, छोट्या छोट्या. काय येणार ते आपण सांगायचं नाही, ते लोक ठरवतात.

"म्हंजे तेरवीसारखं," वहिनी म्हणाली. "जे वाढतीन ते खाचं."

"अगं, स्पेन देशात दारूसोबत अशा बशा देतात. तापास म्हणतात त्याला."

"म्हंजे चखना."

"तसंच समज."

"तं मंग सीधं सांग नं. तुहे मोठे बाबा असते तं खुश झाले असते. आमाले चहापान्याले नेत नव्हते, तू चखन्याले आनलं."

पहिल्या बशीत तिघांना मिळून तीन हिरव्या गोळ्या होत्या. तोंडात टाकली की फुटायची आणि आत खारट हिरवं पाणी. वहिनीनं जीभ टाळूवर फिरवली. "हे तं पानीपुरीचं पानी झालं. पुरी कुठं गेली?" मुलगी इतकी हसली की बाजूचे लोक वळून पाहू लागले. दुसरी बशी म्हणजे बशीच नव्हती, चहाच्या कपाहून लहान पेल्यात टोमॅटोचं गार सार होतं. तिसरीत बटाट्याचे चौकोनी तुकडे, एकसारखे कापलेले, बाहेरून कुरकुरीत. चौथीत संत्र्याच्या पातळ चकत्या, वर कच्चा कांदा, तेल आणि मिठाचे खडे.

"संत्र्यावर कांदा!" वहिनी म्हणाली. "मोर्शीचा संत्र्याचा बागवाला पाहीन तं पोलिसात जाईन." पण तिनं चकती खाल्ली, दुसरी खाल्ली, माझ्या बशीतली उरलेली एक उचलली आणि हळूच म्हणाली, "वाईट नाई."

मी या सगळ्यात खरंच सुखी होतो. दादा गेल्यापासून वहिनी इतकी बोललेली मी पाहिली नव्हती. तिला कोणी वाढतंय, एक बशी उचलून दुसरी गरम ठेवतंय, आणि ती पाय लोंबकळत ठेवून टीका करतेय. मुलीकडे पाहून मला भरून आलं. हे तिला सुचलं, मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पाचवी आणि सहावी बशी मला आठवत नाही, कारण तेव्हा वहिनी जेवण सोडून दुसरंच काही पाहू लागली होती. ओट्यापलीकडे मुख्य शेफ होती, चाळिशीची बाई, केस रुमालात बांधलेले. तिच्याजवळ एका गिलासात स्टीलचे बारीक चमचे होते. कोणतंही पातेलं उतरवायच्या आधी ती एक चमचा घ्यायची, चाखायची आणि चमचा दुसऱ्या गिलासात टाकायची. पुन्हा नवा चमचा, पुन्हा चाखायचं. बशी वाढायच्या आधी आणखी एकदा.

"उष्टं करून राहिली," वहिनी कुजबुजली. मग थोड्या वेळानं, "नाई. चमचा दरवेळी नवा घेते." मग स्वतःशीच बोलावं तसं, "एक चमचा त्या दिवशी मी बी घेतला असता..."

तिनं वाक्य सोडून दिलं. मुलगी फोनवर फोटो काढत होती, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सातव्या बशीत वांगं होतं. विस्तवावर काळं होईस्तोवर भाजलेलं, सोललेलं, कुरकुरीत पावाच्या तुकड्यावर ठेवलेलं, वर मधाचे दोन थेंब, तीळ आणि मिठाचे खडे. त्या वासानं मी थेट मारोतीच्या पारावर जाऊन पोचलो. शेफबाई स्वतः बशा घेऊन आली होती. तिनं वहिनीला विचारलं, "काकू, कसं लागतंय? मीठ-तिखट बरोबर आहे ना?"

बारा वर्षं हा प्रश्न वहिनी इतरांना विचारत आली होती. तिला कोणी विचारला नव्हता. तिनं घास तोंडात धरला, डोळे मिटले. मला वाटलं, आता छान आहे म्हणेल आणि सुटेल.

"सांगू का?" ती म्हणाली. "मीठ कमी हाय. वरून टाकलं तुमी. वांग्याले आतून लागलं पाह्यजे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आता काय, अशा नजरेनं. शेफबाई मागं गेली. नवा चमचा घेतला, वांग्याच्या भांड्यातलं चाखलं. अजून एका चमच्यानं अजून एकदा. बाजूच्या माणसाला बोलावून त्याला चाखायला लावलं. मग परत आली. "काकू, बरोबर बोललात. आज वांग्याला मीठ लावायचंच राहिलंय, वरचे खडेच आहेत फक्त. थांबा, दुसरं देते." आणि आमच्या तिन्ही बशा उचलून नेल्या. जाताना विचारून गेली, "तुम्ही स्वयंपाकाचं काम करता का?"

वहिनीनं मुलीचं मनगट धरलं. "मले समजलं तं," ती म्हणाली. "पाय नं. समजलं मले."

"मग! जीभ कोणाची आहे?" मुलगी म्हणाली. "आता तरी भाजी करशील ना माझ्या लग्नात?"

"नाई वं पोरी." वहिनीचा चेहरा पुन्हा मिटला. "जीभ चाखल्यावर सांगते. मांडवात देवाच्या आधी चाखता येत नाई. तिथं हात लागते. आन् हात माह्या भरोशाचा नाई राह्यला. तुह्या लग्नात मले हसं नाई करून घ्याचं."

या वाक्यानंतर मी गप्प राहिलो असतो तर मरेपर्यंत राहिलो असतो, हे मला तिथंच कळलं.

"वहिनी," मी म्हणालो, "मारोतीच्या रोडग्यांची ती भाजी तुमच्या हातानं खारट झाली नव्हती. मी टाकलं होतं मीठ. तुमी आराकडे गेल्या तवा. मले वाटलं, तुमी विसरल्या."

मुलीनं फोन खाली ठेवला. मला वाटलं होतं की वहिनी रडेल किंवा ओरडेल. तिनं विचारलं, "किती?"

"काय?"

"किती टाकलं?"

"दोन ओंजळी. आन् थोडं वरून."

तिनं दोन्ही तळवे जुळवून फळीवर ओंजळ धरली आणि तीत काही भरलेलं असावं तशी पाहत राहिली. ओठ हलत होते, ती मोजत होती. "मी तीन टाकल्या होत्या. मसाल्यात. त्या गंजाले तीनच लागते." ओंजळ तशीच होती. "म्हंजे माह्यं बराबर होतं."

"बराबर होतं वहिनी."

"मी दोनदा नाई टाकलं."

"नाई."

मग ओंजळ सुटली. "बारा वर्ष मी ह्या हाताले शिव्या देऊन राह्यली, भाऊजी. रोज. वाढून घेतलं का शिव्या, वाढून घेतलं का शिव्या. आन् तुमी मले म्हनले, मानूसच हाय."

तिला ते वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. ती पुढं म्हणाली, "ह्याइले मालूम होतं?"

"नाई. दादाले कधीच नाई सांगितलं."

"दोनदा घेतली होती त्याइनं ती भाजी," ती म्हणाली आणि तिचा आवाज तिथं फुटला.

आठवी बशी येऊन पडली होती, काहीतरी थिजवलेलं, आमच्यासमोर त्याचं पाणी होत होतं. मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. तिनं मोठ्या आईच्या पाठीवर हात ठेवला होता. मी स्टुलावरून उतरलो. पाया पडायचं होतं, पण वहिनीचे पाय फळीखाली अधांतरी होते, मला वाकून तिथं पोचताच येईना. मी तसाच वाकलेला, एका हातानं स्टूल धरून, म्हणू लागलो की वहिनी, मला...

"उठा," ती म्हणाली. "इथं नोका म्हनू. इथं कोनाले मालूम हाय? पंगतीत झालं, पंगतीत सांगा." डोळे पुसले. वितळलेली बशी जवळ ओढली. "आन् खा हे. अन्न हाय."

नवीन वांगं आलं ते तिनं पूर्ण खाल्लं. शेफबाई विचारायला आली तेव्हा मान हलवून म्हणाली, "आता लागलं." नववी बशी गोडाची होती. निघताना शेफबाईनं तिला कोऱ्या चमच्यांच्या गिलासातला एक चमचा कागदात गुंडाळून दिला, आठवण म्हणून. त्या बाईला आमच्या घरचं काहीच ठाऊक नव्हतं. एका अनोळखी म्हातारीचं ऐकून तिनं आपलं भांडं पुन्हा चाखलं, एवढंच तिनं केलं. मी आयुष्यात इतकं कोणासाठी केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

परतल्यावर मी आधी जठारपेठेत मंगल कार्यालयाच्या मालकाकडे गेलो. तो आता थकलाय, कारभार मुलगा पाहतो. मी सगळं सांगितलं. त्यानं लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, मला ती भाजी आठवतच नाही." वहिनीची बारा वर्षं ज्या घासावर अडकली होती, तो घास त्याच्या लक्षातही नव्हता. त्यानं चहा पाजला.

रोडगे लग्नाच्या आधीच आले. वहिनीनं मोहल्ल्यातल्या मंडळींना निरोप दिला की या वर्षी भाजी मी करीन. मला निरोप आला की बादली तुमीच धरा. सकाळी मी गेलो तेव्हा ती मसाला परतत होती. मला पाहिल्यावर तिनं माझ्या देखत मीठ घातलं, एक ओंजळ, दोन, तीन, आणि मिठाची थैली उचलून स्वतःच्या पाटाखाली ठेवली. "बसा आता तिकडं," ती म्हणाली. "गंजापासून दूर." बाजूच्या बाया हसल्या. का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नैवेद्य झाला. पंगत बसली. भाजी वाढून झाली आणि लोकांनी पहिला घास घेण्याआधी मी बादली खाली ठेवली आणि बोलायला उभा राहिलो. बारा वर्षांपूर्वीच्या रोडग्यांची खारट भाजी कोणाकोणाला आठवते, असं मी विचारलं. बऱ्याच माना हलल्या. ते मीठ मी टाकलं होतं, वहिनीनं नाही, तिचं बरोबर होतं आणि मी तिला न विचारता वरून टाकलं, असं मी सांगितलं.

तो फटकळ म्हातारा पहिल्याच ओळीत होता. आता त्याला ऐकू येत नाही. "काय म्हन्ते बे तो?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं.

शेजारी त्याच्या कानाशी ओरडला, "मीठ यानं टाकलं होतं म्हन्ते!"

"आज बी टाकलं का?" म्हाताऱ्यानं घाबरून पत्रावळीवरचा हात मागं घेतला.

सगळी पंगत हसली. वहिनीही हसली, पदर तोंडाला लावून. ती चुलीजवळ उभी होती, बारा वर्षांपूर्वी होती तिथंच. लोक अजून हसत होते, पण मी हसू थांबायची वाट पाहिली नाही. तिच्यासमोर गेलो, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, तुमी मले तीन वर्ष डबा पाठवला. मी तुमचं नाव बारा वर्ष खराब होऊ देलं. चुकलं माह्यं."